निळ्या शाईचं पत्र
शाईची बाटली उघडली की मला सुरतच्या लिंबायतमधली खोली आठवते. नव्वदच्या दशकात वडील तिथे कापडाच्या लूमवर होते, मी त्यांच्यापाशी आणि आई खानदेशात. नवी काळी शाई कशी उमटते ते बघावं म्हणून आईला खुशालीचं पत्र मी त्या शाईनंच लिहिलं. आमच्याकडे काळ्या अक्षरांत फक्त मयताची खबर येते. आईला वाचता येत नव्हतं. ती रडतच सुरतेला आली. "काळी शाई नको लिखू, तुनी माय घाबरस," वडील म्हणाले. पुढच्या वर्षी ते दवाखान्यात होते, तेव्हा 'लगेच ये' हे मी निळ्या शाईनं लिहिलं. निळं बघून आईनं ते देवाजवळ ठेवलं; गावात पत्रं वाचून देणारे मास्तर परगावाहून आले की वाचून घेऊ म्हणाली. ती पोचली तेव्हा वडिलांना जाऊन तीन दिवस झाले होते. आता मी काळ्या शाईनंच लिहिते. घाबरून धावत येणारं कुणी उरलं नाही.