मेहुण्याच्या खिशातली किल्ली

लाइनमन तारवाल्यांनी आयुष्यात कधी कुणाकडे कागद मागितला नाही. एकतीस वर्षं ते विजेच्या मनोऱ्यांवर चढले, ते एका वाक्याच्या भरवशावर. खाली उपकेंद्रात त्यांचा मेहुणा लाइन बंद करायचा, खटक्याला कुलूप घालायचा आणि फोनवर म्हणायचा, "भावोजी, किल्ली माझ्या खिशात आहे. चढा." की हे चढले. बायकोचा भाऊ म्हणजे घरचाच माणूस. त्याच्यावर संशय कोण घेतो?

त्यांच्या घरामागे गाळाने बुजलेला कालवा होता आणि त्यावर दोन्ही काठांना पाय रोवून एक मनोरा उभा होता. त्याची दिवसभराची घूं घूं ऐकून बायकोचं डोकं उठायचं. निवृत्तीनंतर मेहुणा कालवा समितीचा अध्यक्ष झाला. कालवा पुन्हा वाहता करायचा, काठाने पायवाट काढायची, तर भावोजींची परसातली जागा हवी होती. बदल्यात मनोरा हलवून देतो, असं त्याने बहिणीसमोर कबूल केलं. ती म्हणाली, लिहून घ्या. तारवाले तिच्यावरच उखडले. मेहुणा हसून म्हणाला, "किल्ली माझ्या खिशात आहे." झालं! त्यांनी सही ठोकली, बायकोने हाताने वाढवलेलं अंजिराचं झाड तोडू दिलं आणि वर दोन वर्षं फुकट गाळ उपसला.

उद्घाटनाला कालवा काठोकाठ भरला होता. पाणी इतकं नितळ, की मनोरा आता दोनदा दिसत होता. मांडवात कामाचा नकाशा लावला होता. नकाशा वाचणं तारवाल्यांच्या हातचा मळ. मनोऱ्याच्या खुणेपाशी लिहिलं होतं, 'कायम'. खाली मेहुण्याची सही, आणि तारीख तो जागा मागायला आला त्याच्या चार महिने आधीची.

बायकोने नकाशा पाहिलाच नाही. तिने नवऱ्याचं तोंड पाहिलं आणि तिला कळायचं ते कळलं. केसाने गळा कापायचा, तोही सख्ख्या बहिणीचा!

मेहुणा पाहुण्यांना बोटीत बसवत होता. तारवाले समोर येताच सांगू लागला, की वरून मंजुरी मिळणारच नव्हती, खरं बोललो असतो तर तुम्ही जागा दिली नसती, आणि शेवटी भलं सगळ्यांचंच झालं. तारवाल्यांनी त्याला मध्येच थांबवलं.

"एकच सांग," ते म्हणाले. "मी वर असायचो तेव्हा किल्ली खरंच खिशात असायची ना?"

मेहुण्याने एकदा मनोऱ्याकडे पाहिलं. मग बोट सुटतेय म्हणाला आणि निघून गेला.

एकतीस वर्षं उंचावर कधी न डगमगलेले तारवाल्यांचे पाय जमिनीवर लटपटले. बायकोने हात धरून त्यांना काठावर बसवलं.