जाऊबाईंचा कुकर

आमच्या थोरल्या जाऊबाई कुठल्याही गोष्टीला आधी "का?" म्हणून विचारायच्या. सासूनं सांगितलेलं असो की सासऱ्यांनी, "कारण सांगा. पटलं तर आत्ता करते," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. आवाज चढवायच्या नाहीत. वर्गात पोरांना विचारावं तसं शांतपणे विचारायच्या आणि उत्तराची वाट बघत उभ्या राहायच्या. आमच्या आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, त्या उभं राहण्याचाच जास्त राग यायचा. "भांडली आसती तरी चाललं आसतं," त्या म्हणायच्या, "पर ही बया निस्ती बघत ऱ्हाती."

आमचं गाव श्रीरामपूरजवळचं, कालव्यावरचं. घरात चौदा माणसं. मी धाकटी सून, सहावीतून शाळा सुटलेली. जाऊबाई नगर शहरातल्या, शिकलेल्या, शेजारच्या गावात प्राथमिक शाळेत मास्तरीण. त्यांचा पगार घराला चालत होता, नोकरी मात्र कुणाला चालत नव्हती. सगळ्यांचा स्वयंपाक उरकल्याशिवाय त्यांनी उंबरा ओलांडायचा नाही, असा मामंजींचा, म्हणजे सासऱ्यांचा, नियम होता. मग तीन मैल पायी शाळा. डाळ शिजायला उशीर झाला की त्यांना शाळेला उशीर, आणि तिथं हेडमास्तर पोरांसमोर बोलणार. थोरले भाऊजी, त्यांचे मालक, बाजेवर बसून पेपर वाचत. एकदाही त्यांनी डाळीच्या भांड्याखाली लाकूड सारलं नाही. आज आठवलं तरी माझं डोकं तापतं.

त्यांचा भाऊ पुण्याला कारखान्यात होता. एका भाऊबीजेला तो बहिणीला प्रेशर कुकर घेऊन आला. आमच्या गल्लीतला पहिलाच. त्यावर त्यानं नाव घालून आणलं होतं, "सौ. सुमन हिस बंधूकडून भाऊबीज." जाऊबाईंनी सोबतचं माहितीपत्रक दोनदा वाचलं, मला बसवून रबर कुठं, शिट्टी कुठं, वाफ कशी कोंडते ते सगळं समजावलं. चुलीवर काळा पडू नये म्हणून बाहेरून राखेचा लेवा दिला. पहिल्या दिवशी तूरडाळ लावली. शिट्टी झाली तशी आत्याबाई देवघरातून पळत आल्या आणि गल्लीतली चार पोरं दारात जमली. झाकण उघडलं तर डाळ लोण्यासारखी.

कुणालाही आनंद व्हायला हवा होता. आमच्याकडे सुतक आल्यासारखं झालं. आत्याबाई म्हणाल्या, "कोंडलेलं अन्न अंगाला लागत न्हाई." मामंजी म्हणाले, "आळशी बायांची सोय हाय ती. माझ्या ताटात नगं." पाणवठ्यावरच्या बायकांनी तर कहर केला. "बाईमानसाच्या घरातनं शिट्ट्या याया लागल्या," म्हणून हसायच्या. जाऊबाईंना 'शिट्टीवाली' हे नाव पडलं. त्या रस्त्यानं शाळेला निघाल्या की पारावर बसलेला एखादा दीडशहाणा हळूच शिट्टी वाजवायचा. पारावर बसून कुकर वाईट कसा हे सांगणाऱ्या या बाप्यांनी जन्मात चुलीपुढे धूर खाल्ला नव्हता.

मामंजींसाठी वेगळी डाळ पातेल्यात शिजवायची जबाबदारी माझ्यावर आली. आठवडाभर केली. मग जाऊबाई म्हणाल्या, "डाळ यातलीच घे. फोडणी चुलीवर दे. बघू काय होतं ते." काय व्हायचं होतं! मामंजी भुरके मारत म्हणायचे, "ह्याला म्हंत्यात आमटी. धाकटीच्या हाताला चव हाय. त्या मशिनीला ती यायची न्हाई." जाऊबाई पदर तोंडावर धरून मागच्या दारी जायच्या आणि आम्ही दोघी पोट धरून हसायचो. "सांगू या का?" त्या विचारायच्या. मी म्हणायची, "नगा, जाऊबाई. मला मारत्याल." त्यांनी कधी सांगितलं नाही. शाबासकी मी घेत राहिले आणि बोलणी त्या खात राहिल्या.

मग दुष्काळ आला. कालवा आटला, विहिरी तळाला गेल्या. उरलं ते पाणी मचूळ, त्यात डाळ तासन् तास उकळली तरी दाणा तसाच टणक. शेतात पीक नाही, म्हणून तुराट्या नाहीत, पऱ्हाट्या नाहीत, सरपणाला काही नाही. बाया दुष्काळी कामावर दिवसभर खडी फोडायच्या आणि घरी आल्यावर कच्ची डाळ पोरांच्या पुढे ठेवायच्या. तेव्हा गल्लीला कुकर आठवला. पहिल्यांदा समोरची यमुना पातेलं पदराखाली लपवून आली. मग एकेक करत आठ घरं. जाऊबाई शाळेतून आल्या की पाणी पिऊन कुकर चढवायच्या. त्यांनी कुणाला परतवलं नाही आणि कुणाला टोमणाही मारला नाही. "पातेल्याला चिंधी बांधा, म्हणजे कुणाचं कुठलं ते कळेल. आणि दोन काड्या सरपण आपापलं आणा," एवढंच म्हणायच्या. रबर झिजलं तेव्हा नगरला जाऊन नवीन घेऊन आल्या. आत्याबाईंचे दात हलत होते, त्याही मुकाट्यानं तीच डाळ खायला लागल्या. या बायका डाळ नेताना "मास्तरीणबाई" म्हणायच्या आणि पाणवठ्यावर गेल्या की पुन्हा "शिट्टीवाली."

दुसऱ्या वर्षी पाऊस झाला आणि आमच्या नणंदेचं, शकूचं, लग्न ठरलं. मुलगा सरकारी नोकरीत. पाहुण्यांना रुखवत झोकात दिसायला पाहिजे होतं. लग्नाला दोन दिवस असताना जाऊबाई शाळेत गेल्या होत्या. भांड्यांवर नावं घालणारा ओट्यावर बसला होता. आत्याबाईंनी आतून कुकर आणला आणि माझ्या हातात दिला. "धर घट्ट. त्याला घासायचं हाय."

मी धरला. त्यानं कानशीनं जुनं नाव घासून काढलं. 'सुमन' गेलं, 'बंधूकडून' गेलं. त्या जागी त्यानं टकटक ठोकून घातलं, "चि. सौ. कां. शकुंतला हिस आईवडिलांकडून." माझ्या दोन्ही हातांना त्या ठोक्यांनी मुंग्या आल्या. तरी मी पकड सोडली नाही.

संध्याकाळी जाऊबाई आल्या. हळदीकुंकू लावलेला कुकर रुखवताच्या भांड्यांत चकाकत होता. त्यांनी हात फिरवून नाव वाचलं आणि सरळ ओसरीवर मामंजींसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"माझा कुकर शकूला दिलात. कारण सांगा."

"घरातली वस्तू हाय. घरातल्या लेकीला दिली."

"मग माझं नाव का पुसलं? तेही घरातलंच होतं."

मामंजी उसळले. "सुनेच्या माह्यारची वस्तू लेकीला घातली म्हनत्याल लोक. आमची काय शोभा ऱ्हाईल?"

"शकूला मी हसत देते," जाऊबाई म्हणाल्या. "तिला उपयोगी पडेल. पण दिला मी, तर तसं लिहा. आणि कोंडलेलं अन्न अंगाला लागत नाही ना? मग पोटच्या मुलीला का देता?"

मामंजी उठून गोठ्यात गेले. थोरले भाऊजी खांबाला टेकून स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होते.

लग्नाच्या दिवशी मांडवात माईकवर रुखवत आणि आहेर वाचायला गावातले एक हौशी गृहस्थ होते. मोठ्या आवाजात ते म्हणाले, "प्रेशर कुकर! मुलीच्या वडिलांकडून!" वऱ्हाडी मंडळीत कुजबुज झाली, कुणी कौतुकानं माना डोलावल्या. तेवढ्यात बायकांच्या गर्दीतून जाऊबाई उभ्या राहिल्या.

"ते चुकीचं वाचलंत," त्या म्हणाल्या. आवाज तोच, वर्गातला. "कुकर तिच्या थोरल्या वहिनीकडून आहे. माझ्या भावानं मला दिला, मी तिला आनंदानं देते. तेवढं दुरुस्त करून वाचा."

माईकवाल्यानं मामंजींकडे पाहिलं. मामंजींनी नको म्हणून मान हलवली. गृहस्थ खाकरले आणि म्हणाले, "पुढचं. पितळी समई, मामांकडून."

त्या मांडवात आमच्या गल्लीतली आठही घरं बसली होती. दुष्काळात ज्यांच्या पोरांनी त्या कुकरातली डाळ खाल्ली त्या सगळ्या. यमुना तर माझ्या शेजारीच होती, तिनं मांडीवरच्या तांदळाच्या अक्षता निवडल्यासारखं केलं. एकीनं "व्हय, तिचाच हाय" एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मला त्यांचा राग येतो. मग लगेच आठवतं की नववी मीही तिथंच बसले होते.

जाऊबाई मिनिटभर उभ्या राहिल्या आणि बसल्या. पाठवणीच्या वेळी शकू त्यांच्या गळ्यात पडली. "वैनी, मला खरंच म्हाईत न्हवतं." जाऊबाईंनी तिचे डोळे पुसले आणि म्हणाल्या, "ते राहू दे. वाफ पूर्ण जिरल्याशिवाय झाकण ओढायचं नाही. रबर धुवून वेगळं ठेवायचं. आणि कुणी नावं ठेवली तरी वापरायचा, माळ्यावर टाकायचा नाही."

पाहुणे गेल्यावर घरात जे व्हायचं ते झालं. भाऊजी म्हणाले, "एवढ्याशा भांड्यासाठी मांडवात आब्रू काढलीस." त्या म्हणाल्या, "भांड्यासाठी नाही बोलले मी. तुम्हाला अजून कळलेलं नाही." मामंजींनी फर्मान काढलं, शाळा बंद, राजीनामा लिहून द्यायचा. जाऊबाईंनी अर्ज लिहिला खरा, पण बदलीचा. आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, डोंगरातल्या गावी, जिथं जायला कुणी मास्तर तयार नसायचा, तिथली जागा त्यांनी मागून घेतली. जूनमध्ये आपल्या दोन्ही मुलींना घेऊन निघाल्या. भाऊजी पोळ्यानंतर त्यांच्याकडे राहायला गेले. गेले ते बरं झालं म्हणतात सगळे. मी म्हणते, ट्रंक उचलायला जूनमध्ये का नाही गेले?

ट्रंक मी उचलली. एसटीच्या फाट्यापर्यंत आम्ही दोघी, मागे मुली. अर्धी वाट सरली. मग जाऊबाई म्हणाल्या, "नाव घासताना कुकर तू धरला होतास ना?"

"व्हय."

"कळलं होतं मला."

"मला माफ करा, जाऊबाई. आत्याबाईंनी धर म्हनलं, मी धरला."

"धर म्हटलं की धरतेस, ऊठ म्हटलं की उठतेस," त्या म्हणाल्या. रागावल्या होत्या, आणि त्यांनी ते लपवलं नाही. "माफीचं मला काय करायचंय? सातवीला बाहेरून बसता येतं. माझ्या शाळेतल्या बाईंकडे तुझा फॉर्म ठेवलाय, पुस्तकं पण आहेत. शनिवारी जाऊन घेऊन ये. हे मी सांगते म्हणून करू नकोस. तुला पाहिजे असेल तर कर."

एसटी आली. मुलींना वर चढवलं, ट्रंक टपावर गेली. खिडकीतून त्यांनी एकदा माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्यानंतर त्या आमच्या घरी राहायला कधी आल्या नाहीत. त्या डोंगरातच निवृत्त झाल्या आणि तिथंच वारल्या. आमच्या घरात कुणी त्यांचा फोटोही लावला नाही.

त्या शनिवारी मी भाकरी थापून झाल्यावर हात धुतले. आत्याबाईंनी विचारलं, "कुठं निघालीस?" "शाळेत," मी म्हणाले, आणि तीन मैल एकटी चालत गेले.