एका मोटेची विहीर

कडूबा पाणाड्या तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतातून चालायचा. जमिनीखाली पाणी असेल तिथं नारळ आपसूक उभा राहतो, असं तो सांगे. मला ते तेव्हाही थोतांड वाटे. पण देऊळघाटच्या शिवेला लागून असलेल्या आमच्या गावात त्याने दाखवलेली एकही विहीर कोरडी गेली नव्हती. पैसे घेत नसे. फोडलेला अर्धा नारळ घरी न्यायचा, एवढीच बिदागी.

त्याच्या बापाने एक नेम घालून दिला होता. पिण्याच्या विहिरीच्या वरच्या अंगाला एकाच मोटेची विहीर दाखवायची, जास्त नाही. मोटेचे बैल दुपारी सोडावेच लागतात, आणि तेवढ्या वेळात खालचा झरा भरून येतो.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी माझ्या वडिलांनी, पंजाबरावांनी, त्याला बोलावलं. आमचं शेत बौद्धपुऱ्याच्या पिण्याच्या विहिरीच्या वर. ती विहीर त्या लोकांनी स्वतः खणलेली. कडूबा कचरला.

"पंजाबराव, एकच मोट. शब्द द्या मले."

वडिलांनी शब्द दिला आणि पाच वर्षं पाळलाही. तोवर संत्र्याची बाग हाती आली, आणि गावात विजेचे खांबही आले. प्रगती करा, मोटारी बसवा, असं सांगत साहेब लोक जीपमधून फिरू लागले. आम्ही मलकापुराहून मोटार आणली. कडूबा पाहायला आला.

"हे थकत नाही काय?" त्याने मला विचारलं.

"छे!" मी ऐटीत म्हणालो. नुकताच मॅट्रिक झालो होतो, आणि बटण दाबण्याचा मान माझा होता.  वडिलांनी कडूबाला संत्र्यांची टोपली दिली, ती घेऊन तो गेला.

पुढच्या उन्हाळ्यात बौद्धपुऱ्याच्या विहिरीत गाळ तेवढा उरला. तिथली बनाबाई नवी जागा दाखवा म्हणून नारळ घेऊन कडूबाच्याच दारी गेली. बिचारीला काय माहीत! कडूबा तिला घेऊन निघाला तो थेट आमच्या विहिरीवर. तळहातावरचा नारळ वाटेत कुठंच उभा राहिला नाही.

"बनाबाई, तुमचं पाणी इथं हाये. मीच दाखवलं यायले. मोटार आली तवा बोलाले पाह्यजे होतं. संत्रे खाल्ले म्या, अन् गप बसलो."

बनाबाईने त्याच्याकडे पाहिलं नाही. मला म्हणाली, "मंग बंद कर ना बाबू. दुपारपुरती तरी."

बैलांना मिळायची तेवढीच सुटी तिने मागितली. पण बाग फळ धरत होती, आणि वडील बांधावरून पाहत होते. मी बटणाला हात लावला नाही.

कडूबाने पुन्हा नारळ धरला नाही. साठी उलटलेला तो माणूस आमच्याच विहिरीवर कावड भरून बौद्धपुऱ्यातल्या म्हाताऱ्यांच्या घरी पाणी पोचवू लागला. मरेपर्यंत त्याने हेच केलं. मला काही बोलला असता तर बरं झालं असतं, पण तो कधीच बोलला नाही. दुपारी दम लागला की कावड उतरवून बाभळीखाली टेके. मी समोर बसलेला असे आणि मोटार चालूच असे.

दोन तास बंद ठेवली असती, तर बाग काही मरत नव्हती. हे मला तेव्हाही माहीत होतं.