खालच्या मजल्यावरचा नट

खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांना ओळखलं ते माझ्या सासूबाईंनी. पुण्याहून तीन महिन्यांसाठी त्या आमच्याकडे जर्मनीत, बोब्लिंगेनला आल्या होत्या आणि जिन्यात या गृहस्थांना बघून भाजीच्या पिशवीसकट थबकल्या. "अगं, हा तर तो दुष्ट सासरा!" सासूबाई मोबाइलवर पाकिस्तानी मालिका बघतात. त्यातल्या एकीत या माणसाने सुनेला वर्षभर छळलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते मात्र छातीवर हात ठेवून झुकले. "जी बहनजी, वही. माफ़ कर दीजिए." त्या दिवसापासून आमच्याकडचे पोहे खाली जाऊ लागले.

मी त्यांना अंकल म्हणू लागले. बाविसाव्या वर्षी टीव्हीवर पोस्टमन होऊन ते एक वाक्य बोलले होते. तिथून चाळीस वर्षं मालिका, मधे पाच-सहा सिनेमे. पत्नी गेल्यावर मुलीने इकडे बोलावून घेतलं. मुलगी डॉक्टर, दिवसभर हॉस्पिटलात. दुसरा कोणी बागेतल्या बाकावर बसून गुडघ्यांच्या तक्रारी करत राहिला असता. हे पोरासोरांबरोबर वर्गात बसून जर्मन शिकले आणि एका एजंटकडे नाव नोंदवून आले. कामं यायची ती टॅक्सीवाल्याची, नाहीतर संशयिताची. टॅक्सीवाले त्यांनी केले, संशयित साफ नाकारले. "वहाँ बुरा था, तो कम से कम घर मेरा था," म्हणाले.

आणि मग हा शिंपी आला. एका जर्मन मालिकेतला म्हातारा शिंपी. पोलीसबाई दुकानात येऊन सांगते की तुमचा मुलगा अपघातात गेला. तो विचारतो, "वान?" म्हणजे, कधी? मग चार वाक्यं, आणि निवड झालीच तर पुढे आणखी प्रवेश. हल्ली ऑडिशन घरीच फोनवर चित्रित करून पाठवायची असते आणि समोरच्या पात्राची वाक्यं कॅमेऱ्यामागून कोणीतरी वाचायची असतात. संध्याकाळी सहापर्यंत पाठवायचं होतं. अंकल दुपारीच कागद घेऊन वर आले. "बेटा, ये वाला मेरा है. टॅक्सी बहुत चला ली."

मी इस्त्रीच्या टेबलावर पुस्तकांची चळत रचून फोन उभा केला. मला भलताच उत्साह. कॉलेजात एकांकिका स्पर्धांना मी तीन वर्षं प्रॉम्प्टर होते. विंगेत उभी राहून नट अडला की वाक्य पुरवायचं. माझ्या नाटकात कोणी अडलेलं प्रेक्षकांना कधी कळलं नाही, हा माझा तोरा.

पहिल्या टेकला मी पोलीसबाई होऊन बातमी सांगितली. अंकल गप्प. हातातली मापाची टेप बोटाभोवती गुंडाळत राहिले. एक क्षण गेला, दोन गेले. मला वाटलं, गेलं वाक्य. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "वान."

टेप टेबलावर आपटली. "मैं भूला नहीं था! मैं चुप था!" मालिकेतला दुष्ट सासरा एका वाक्यात अंगावर आला. मीही चिडले, पण चूक माझीच होती आणि ती मला झोंबली. विंगेतून आलेला शब्द प्रेक्षकांना ऐकू जात नाही, फोनला मात्र सगळं ऐकू जातं.

पुढचे चारही टेक बिनचूक झाले आणि चारही मेलेले. माझा आवाज येईल या धाकाने ते थांबतच नव्हते. बातमी ऐकली की लगेच "वान". बाहेर उजेड उतरायला लागला होता. मी म्हटलं, "अंकल, तिसरा टेक पाठवू या. बरा आहे."

"बरा नहीं चाहिए," ते म्हणाले. एवढं मराठी पोह्यांबरोबर खाली गेलं होतं. "फिर से."

मी ओढणीचं टोक दातांत धरलं. बातमी सांगायला काढलं आणि पुन्हा धरलं. अंकल थांबले. टेप गुंडाळली, सोडली. आणि मला दिसलं, या वेळी ते खरंच विसरले होते. विंगेत तीन वर्षं काढलेल्या माणसाला हा फरक कळतो. जाणूनबुजून थांबलेल्या नटाची नजर त्याच्या मनातल्या जागेवर असते. विसरलेल्याची नजर विंगेकडे येते. अंकलची नजर माझ्याकडे आली. दोनच अक्षरांचा तो शब्द. माझ्या जिभेवर होता. मी नाही बोलले.

त्यांनी नजर खाली नेली आणि अगदी हळू विचारलं, "कब?"

आम्ही तोच टेक पाठवला. दहा दिवसांनी उत्तर आलं. भूमिका त्यांची होती आणि मालिकावाले तो "कब" तसाच ठेवणार होते. मी टाळ्या पिटल्या. सासूबाईंनी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर दुष्ट सासऱ्याला आशीर्वाद दिले.

संध्याकाळी अंकल पुढच्या प्रवेशांचे कागद घेऊन वर आले. बसले, पण कागद उघडेनात. "उस दिन मैंने तेरी तरफ़ देखा था," ते म्हणाले. "आजकल होता है. बेटी को मत बताना."

काम सोडून द्या, असं मला क्षणभर म्हणावंसं वाटलं, आणि त्या विचाराचा रागही आला. मी विचारलं, "थांबलात की विसरलात, मला कळायचं कसं?"

त्यांनी विचार केला. "भूल जाऊँ, तो हाथ मेज़ पर रखूँगा. वरना मुँह बंद."

"आणि शूटिंगला?"

"तू छुट्टी लेगी," ते म्हणाले आणि कागद उघडले.

पहिल्याच पानावर त्यांचा हात टेबलावर आला. मी शब्द सांगितला. त्यांनी तो घेतला, हात उचलला आणि पुढचं वाक्य म्हटलं.