मामाचं गाव कोणी सांगितलं?

मंगळवारपासून मंजुषाच्या डोक्यातून एकच गोष्ट जात नव्हती. बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्या त्या अनोळखी माणसाला तिच्या लेकीच्या, धम्मदीपाच्या मामाचं गाव कसं ठाऊक होतं?

पोरीला भीती नव्हतीच, फोनवर आईला सांगताना उलट गंमत वाटली होती. "आई, जन्मतारीख सांगतली, बाबाचं नाव सांगतलं, मी गप. मंग म्हणते, मामा रिठदचे ना? मी म्हटलं, भाऊ, बँकेले माया मामा कायले पायजे? कटच केला त्यानं फोन!"

मंजुषाला हसू आलं नाही. रविवारी सकाळीच तिनं मेडशीहून एसटी धरली आणि वाशिमला गाडी बदलून अनसिंग गाठलं.

अनसिंगला धम्मदीपाचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान. बी.कॉम. झाल्यावर पोरगी नोकरीच्या मागे लागेल असं घरच्यांना वाटलेलं. तिनं दुकान टाकलं, आणि तेही आपल्याच तऱ्हेचं. पूर्ण नंबराची गरज नसेल तर आधारच्या पहिल्या आठ आकड्यांवर ती वहीच्या पुठ्ठ्याची पट्टी ठेवते आणि मगच झेरॉक्स काढते. झेरॉक्सवर ज्याची त्याच्याकडून तारीख आणि काम लिहून घेते, 'फक्त पीकविम्यासाठी'. बिघडलेल्या प्रती टेबलाखालच्या पाण्याच्या बादलीत जातात. संध्याकाळी त्यांचा लगदा. एकदा स्टँडवर तिला भजी बांधून मिळाली ती कुणाच्या तरी आधारच्या झेरॉक्समध्ये. बाईच्या फोटोवर तेल उतरलेलं आणि नंबर मात्र स्वच्छ वाचता येत होता. त्या दिवसापासून ही बादली.

"लोक येडी म्हणत असतील तुला," मंजुषा म्हणाली.

"म्हणतात ना. पण येतात मायाकडेच!"

एवढ्यात रस्त्यावर आवाज चढला. समोर छत्री लावून एक सिमवाला बसला होता आणि त्याच्यापुढं उभी होती तुळसाबाई, सत्तरी गाठलेली शेतकरीण. दोन वर्षांपूर्वी हीच तुळसाबाई कागदांची सगळी पिशवी दुकानात टाकून जायची, "राहू दे तुयाजवळ, मले घरी कायले पायजे?" म्हणत.

"आजी, अंगठा उमटला नाई. अजून एक डाव ठेवा."

तुळसाबाईनं हात पदराखाली घेतला. "काहून नाई उमटला?"

"नेटवर्क नाई व्हतं."

"नेटवर्क तुयं गेलं, अन् अंगठा माया खराब? स्क्रीन दाखव पयले."

पानठेल्यावरची माणसं हसत जवळ आली. सिमवाला मोबाइल छातीशी धरून म्हणाला, "तुमाले वाचता येते का आजी?"

"मले नाई येत. तिले येते!"

धम्मदीपा तोवर दुकानाची फळी ओलांडून धावलीसुद्धा. तिच्यामागं मंजुषा, एका पायात चप्पल, एक तिथंच राहिलेली. गर्दीपुढं त्या माणसाला स्क्रीन फिरवावीच लागली.

"आजी, तुमचं सिम पहिल्याच अंगठ्यात झालं," धम्मदीपानं मोठ्यानं वाचलं. "हा दुसरा फॉर्म आहे. दुसरं सिम, तुमच्याच नावावर!"

"अन् त्याच्यावरून तू कोनाकोनाले ठगवलं असतं रे?" तुळसाबाई गरजली. सगळ्यांच्या देखत तो फॉर्म रद्द करायला लावला, आणि छत्री गुंडाळून निघणाऱ्याला चौघांनी पोलीस येईस्तोवर बसवून ठेवलं. कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी शिट्टी. सगळ्यात जोरात टाळ्या मंजुषाच्या. ही माझी पोरगी, असं तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं.

"कागद असो का अंगठा," तुळसाबाई गर्दीला बजावत होती, "देयाच्या आधी इचारा. कायले पायजे? कोनाकोनापाशी जाईन? अन् काम झाल्यावर त्याचं काय करसान?" मग ती मंजुषाकडं वळली. "बाई, पोरगी हिरा हाये तुमची. तुमीच शिकवलं असन."

मंजुषाचे हात खाली आले.

मामाकूळ रिठद. ते कुठं लिहिलेलं असतं? लग्नाच्या परिचयपत्रात! चैत्रात तिनंच ते वधू-वरांच्या नऊ व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं होतं. जन्मतारीख, उंची, मोबाइल नंबर, सगळं. ग्रुप चालवणारा अश्वजित म्हणाला होता, "वहिनी, आधारचा फोटो बी टाका, लोकाइले भरोसा वाटते." तिनं तोही टाकला. बाराच्या बारा आकडे उघडे. पोरीला विचारलंही नव्हतं, आणि तुळसाबाईच्या तीन प्रश्नांतला एकही अश्वजितला केला नव्हता.

दुकानात सांगायला तिनं दोनदा तोंड उघडलं. पण आता गिऱ्हाइकांची रीघ लागली होती आणि धम्मदीपा प्रत्येकाला तोच किस्सा डोळे चमकवत सांगत होती.

परतीच्या गाडीत मंजुषानं फोन काढला. अश्वजितला सांगून गुपचूप सगळं काढून टाकता येईल, पोरीला कळायचंही नाही. पण नऊ ग्रुपांतून ते पुढं किती हातांत गेलं, हे अश्वजित सांगू शकणार होता का? बँकेच्या नावानं बोललेला तो माणूस पुन्हा फोन करेल, तेव्हा धम्मदीपाला निदान ठाऊक असायला हवं, त्याच्या हातात नेमकं काय आहे ते. आधार कुणाचं? तिचं.

पोरगी चिडेल. कदाचित चार दिवस बोलणार नाही. चालेल.

कंडक्टरनं दिलेलं तिकीट मुठीत चुरगाळत तिनं अश्वजितचं नाव वर सरकवलं आणि धम्मदीपाचा नंबर लावला.