पळता पळता केलेली पाहणी

ज्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं यवतमाळ जिल्ह्यातली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आतून पोखरली, त्याच वर्षी मी पहिल्यांदा बेचाळीस किलोमीटर पळालो. या दोन गोष्टी एका वाक्यात लिहायची मला लाज वाटते. पण एका रविवारी त्या एकमेकींत अडकल्या आणि अजून सुटलेल्या नाहीत.

मी तेव्हा कृषी सहायक होतो. अकरा गावं माझ्याकडे होती. कृषी सहायक म्हणजे वरचा कागद खाली नेणारा आणि खालच्या शिव्या वर न नेणारा माणूस. जुलैत मी किडींसाठी पिवळे चिकट सापळे वाटले. पुढे फवारणी करणारी माणसं आजारी पडायला लागली, तेव्हा तोंडाला फडकं बांधून आणि हातमोजे घालून पारापारावर प्रात्यक्षिकं करून दाखवली. नोव्हेंबरात लोकांनी बोंडं फोडली तर आत अळ्या. त्यानंतर मला कोणी राम राम करेना, सरळ बोंडच पुढे करायचे. पानठेल्यावर करायचे, एस.टी. स्टँडवर करायचे, न्हाव्याकडे माझ्या गालाला फेस लागलेला असतानाही करायचे. मेव्हण्याच्या लग्नात एका पाहुण्यानं अक्षता टाकल्या आणि त्याच हातानं खिशातून बोंड काढून मला दाखवलं. जेवणाच्या पंगतीत ते माझ्या ताटाशेजारीच होतं.

पळणाऱ्या माणसाला मात्र कोणी थांबवत नाही, हा शोध मला त्याच दिवसांत लागला. चालणाऱ्याला गाठता येतं, गाडीवरच्याला हात करता येतो, पण पळणाऱ्याकडे लोक नुसते पाहतात. मोबाइल घरी ठेवायचा आणि पहाटे शाळेच्या मैदानावर जायचं, एवढाच एक तास माझा होता. तब्येतीसाठी पळतो असं मी बायकोला सांगत असे. तिचा विश्वास बसत नव्हता, कारण पळून आल्यावर मी चार पोळ्या जास्त खायचो.

आमचा सात-आठ जणांचा गट एका दातांच्या डॉक्टरांनी जमवला होता. त्यांच्या डोक्यात आलं की आपण जंगलातून मॅरेथॉन भरवायची. मोठ्या शहरातल्यासारखी नाही, घरगुती. नागपूर-अमरावतीची ओळखीची माणसं बोलवायची, गावातल्या बचत गटाला स्वयंपाक द्यायचा, आणि शेवटचा माणूस येईपर्यंत कोणी उठायचं नाही. सात तासांची मुदत. सात तास झाले की शाळेची घंटा वाजवायची, त्यानंतर येईल त्याला जेवण मिळेल पण पदक नाही. रस्ता ठरवायचं काम माझ्याकडे आलं, कारण पांदणी आणि पायवाटा मलाच ठाऊक. मी तो रस्ता मुद्दाम राखीव जंगलाच्या कडेकडेनं काढला. माझी गावं टाळूनच म्हणा ना.

खुणा कशानं करायच्या यावर बैठकीत बराच खल झाला. चुन्यानं फासलं तर गुरं तुडवतात, चिंध्या बांधल्या तर कापूस वेचणाऱ्या बायका सोडून नेतात. मी म्हणालो, माझ्याकडे चिकट सापळ्यांसाठी आणलेले पिवळे पत्रे उरलेत, अजून चिकट द्रव्य न लावलेले. काठीला ठोकले की लांबून दिसतात. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. कपाशीच्या शेतांतून जाणाऱ्या वाटेवर पिवळ्या पत्र्यांच्या खुणा करणं म्हणजे काय, हे माझ्यासारख्या शेतकी पदविका घेतलेल्या माणसाच्या ध्यानात आलं नाही.

याच सुमारास एक काकू मला दर दोन दिवसांनी फोन करायच्या. माझ्या अकरापैकी एका गावात त्यांचं चार एकर वावर होतं. यजमान एस.टी.त ड्रायव्हर, घरी कमी आणि डेपोत जास्त, त्यामुळे शेती काकूच पाहायच्या. त्यांनी नुकसानभरपाईसाठी बोंडअळीच्या तक्रारीचा अर्ज केला होता. आता नियम असा की तालुक्याची समिती येऊन पाहणी करेपर्यंत पीक उभं पाहिजे. समिती एक, अर्ज ढिगानं. काकूंची पऱ्हाटी पूर्ण किडलेली, विहिरीला पाणी, घरात हरभऱ्याचं बियाणं, आणि पेरणीचे दिवस निघून चाललेले. पऱ्हाटी ठेवावी तर हरभरा जातो, उपटावी तर अर्ज जातो.

"साहेब, कवा येता?" त्या विचारायच्या.

"येतो काकू, या आठवड्यात येतो."

असं मी पाचदा म्हणालो असेन. मी एकटा जाऊन उपयोग नव्हता आणि समिती माझ्या हातात नव्हती, हे खरं. पण ते त्यांना स्पष्ट सांगायचं सोडून मी येतो म्हणत राहिलो, कारण तेवढ्यानं फोन बंद व्हायचा.

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी सहाला आम्ही चाळीस-बेचाळीस माणसं एका आश्रमशाळेच्या अंगणात कुडकुडत उभी होतो. डॉक्टरांनी घंटा वाजवली आणि आम्ही सुटलो. पहिले दहा किलोमीटर मी इतका खूष होतो की सांगता येत नाही. सागाची वाळकी पानं पायाखाली करकरत होती, पुढच्याच्या टाचेचा धुरळा तेवढा नाकात जात होता, आणि कोणी मला साहेब म्हणत नव्हतं. माझ्या जोडीला वणीचा एक माणूस होता, कोळसा खाणीत डंपर चालवणारा. कापडी बूट, अर्धी पँट, डोक्याला गमछा. "खाणीत रोज खालीच जातो भाऊ," तो म्हणाला, "म्हनून रविवारी टेकडी चढतो."

पाणी ठेवलेल्या जागी उकडलेले बटाटे होते, गूळ-शेंगदाणे होते, आणि बचत गटाच्या बाया होत्या. त्या नुसतं पाणी देऊन कोणाला सोडत नव्हत्या. एका देवळापाशी तर पुजाऱ्यानं वाटच अडवली. "चहा घेतल्याशिवाय जाऊ देनार नाही. पुन्याहून आले का मुंबईहून, इथं पाहुने आहात." नागपूरच्या एक बँकवाल्या बाई घड्याळ पाहत बशीत चहा ओतून पीत होत्या. डंपरवाल्यानं दोन कप घेतले. मीही घेतला, आणि वेळ गेल्याचं मला तिळमात्र वाईट वाटलं नाही. अशी पळापळ रोज असती तर मी नोकरीवर खूष राहिलो असतो.

सत्तावीस किलोमीटरनंतर पाय जड झाले. ऊन चढलं. नाला ओलांडल्यावर समोर पिवळा पत्रा दिसला, आम्ही डावीकडे वळलो. पुढे आणखी एक, मग आणखी एक. धुऱ्याच्या बांधावरून उतरलो तर खांद्याएवढी पऱ्हाटी, फांद्या मांडीला ओरबाडतायत, आणि चारही बाजूंना पिवळे पत्रे. मी एकाला हात लावला तर बोटं चिकटली. त्यावर मेलेल्या माश्या आणि तुडतुडे होते. हा आमच्या शर्यतीचा पत्रा नव्हता. हा मीच जुलैत वाटलेला सापळा होता.

"भाऊ, रस्ता चुकलो वाटते," डंपरवाला म्हणाला.

"चुकलो नाही. माझ्या मरणानं मला इथं आणलंय," मी म्हणालो. ते वावर मी ओळखलं होतं. दर वेळी गावाकडून यायचो, नाल्याकडून कधी आलो नव्हतो, म्हणून उशीर झाला एवढंच.

कपाशीच्या दोन ओळींमधल्या तासातून काकू उठून उभ्या राहिल्या. कमरेला ओटी बांधून त्या उरलासुरला किडका कवडी कापूस वेचत होत्या. मी पळून जायचा विचार केला, पण कपाशीत पळता येत नाही. त्यांनी आधी माझे उघडे पाय पाहिले, मग छातीवरचा नंबर पाहिला, तो त्यांनी सरकारीच धरला असावा, मग तोंड पाहिलं.

"आले बाप्पा साहेब," त्या म्हणाल्या. "मले वाटलंच होतं, सुट्टीच्या दिवशी तरी येतीन."

डंपरवाला माझ्याकडे पाहायला लागला. "साहेब? मंग सांगतलं काहून नाही?" तो हसला, आणि खऱ्या खुणा शोधत धुऱ्यावरून निघून गेला. मी एकटाच राहिलो.

मी तुमच्याकडे आलेलो नाही काकू, रस्ता चुकलोय. एवढं एक वाक्य म्हणायचं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते पाहून मला ते जमेना. त्यांनी कळशीतलं पाणी दिलं, मी प्यायलो. मग वेगवेगळ्या झाडांची वीस बोंडं तोडायला सांगितली आणि उकिडवं बसून एकेक फोडलं. पाहणीची रीतच ती आहे. विसातली सतरा किडकी निघाली. मांड्या आखडून दगड झाल्या होत्या, तरी मी सगळं नीट केलं, आणि खरं सांगतो, पहिल्यांदाच त्या वर्षी मला एखादं काम पुरं केल्यासारखं वाटलं.

"पाह्यलं न साहेब तुमी?"

"पाहिलं."

"मंग आता उपटू न? ट्रॅक्टरवाला उद्या मोकळा हाय. आनखी आठ दिवस गेले तं हरभराही हातचा जाईन."

मी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. चार तास वीस मिनिटं. अजून चौदा-पंधरा किलोमीटर बाकी. नियम सांगायचा तर समिती समजावून सांगावी लागणार, तारीख विचारली जाणार, तारीख मला माहीत नाही, म्हणजे पुन्हा तेच. तिथून सुटायला एक शब्द पुरेसा होता.

"उपटा," मी म्हणालो.

"अन् अर्ज?"

"मी पाहिलंय ना. मी सांगतो तालुक्याच्या साहेबांना."

काकूंनी ओटीतला कापूस तिथल्या तिथं सोडला आणि दोन्ही हात जोडले. मी धुऱ्यावर चढलो आणि पळत सुटलो. मागे वळून पाहिलं नाही.

शेवटचे किलोमीटर फार वाईट गेले, पण गेले. आश्रमशाळेच्या फाटकात शिरलो तेव्हा घंटेला सहा-सात मिनिटं बाकी होती. सगळे ताटं बाजूला ठेवून टाळ्या वाजवत उभे राहिले. डंपरवाला माझ्या आधी वीस मिनिटं येऊन बसला होता. तो बोंबलला, "आले आपले साहेब, वावर पाहून आले." सगळे हसले. डॉक्टरांनी सागाच्या लाकडाची चकती गळ्यात घातली. मी सावलीत आडवा झालो, कोणीतरी पायावर पाणी ओतलं, मग वांग्याची भाजी आणि भाकरी खाल्ली. त्या दुपारइतका मोकळा मी त्याआधी कधी झालो नव्हतो आणि त्यानंतरही नाही.

सोमवारी साहेबांना सांगायचं ठरवलं होतं. सोमवारी बैठक निघाली. मंगळवारी साहेब जिल्ह्याला. बुधवारी ते समोर होते, पण मी काय सांगणार होतो? की सुट्टीच्या दिवशी, समितीशिवाय, अर्ध्या चड्डीत पाहणी केली आणि एका अर्जदाराला पीक उपटायची परवानगी दिली? स्पष्टीकरण द्या म्हणून कागद आला असता. समिती आली की तिथंच हळूच सांगू, असं मी स्वतःला समजावलं.

समिती अडीच आठवड्यांनी आली. जीपमध्ये तिघं आणि मी. काकूंच्या वावरात हरभऱ्याच्या कोवळ्या ओळी वर आल्या होत्या, छान एकसारख्या. पऱ्हाट्यांचा ढीग धुऱ्यावर रचलेला होता.

"पीक कुठंय?" साहेबांनी विचारलं. "कोणाला विचारून उपटलं, बाई?"

मी त्यांच्या मागे उभा होतो. हातात रजिस्टर होतं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी बोलेन म्हणून त्या थांबल्या, तेही मला समजलं. मी रजिस्टर उघडलं आणि त्यात काकूंच्या अर्जाचा नंबर शोधायला लागलो.

"कोनाले नाही साहेब," काकू म्हणाल्या. "मायाच मनानं उपटली. घाई झाली मले."

साहेबांनी अर्जावर 'पीक उभे नाही, पाहणी शक्य नाही' असं लिहिलं आणि सही केली. बाकी दोघांनी केली. शेवटची सही माझी होती, तीही मी केली.

सगळे जीपकडे निघाले तेव्हा मी मागे रेंगाळलो. मला वाटलं, आता तरी त्या मला बोलतील. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या जवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तुमी काई मनाले लावून घेऊ नका. सुट्टीच्या दिवशी, पायी पळत आलते तुमी मायासाठी. तुमच्यावर कसं येऊ देईन?"

मी हो म्हणालो. मग जीपमध्ये मागे बसलो आणि पुढच्या गावचा अर्ज काढला.