दुखायचा थांबलेला दात

“डॉक्टरानू, दात दुखाचो थांबलो. देवीक गाऱ्हाणा घातलेलंय,” म्हणत बाबीने टेबलावर प्रसादाचा अर्धा नारळ ठेवला.

खरं तर दातांचा डॉक्टर म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. पण मी त्याला आधी खुर्चीत बसवलं.

बाबी दशावतारात राणीची कामं करायचा. तो रडला की जत्रेतल्या बायका पदर डोळ्यांना लावायच्या. त्याच्या पुढच्या दाताला कीड लागली होती. तेव्हा मालवणातलं माझं ड्रिल पायाने चालायचं, शिलाई मशीनसारखं. चांदी भरली असती तर गॅसबत्तीत चमकली असती, म्हणून दाताच्या रंगाचं सिमेंट भरलं. त्या काळचं ते सिमेंट जहाल. खाली अस्तर देऊनही कधी कधी आतल्या नसेला झोंबायचं.

फिलिंगनंतर थोडे दिवस गार-गरम लागतंच. नस चिडलेली असते, ती निवळते. बाबीची निवळेना. गार वाऱ्यात सूर लावला की कळ जायची. बिचारा ओठ मिटून गायला लागला. मी फिलिंग काढून लवंगतेलाचं औषध भरलं, तरी तेच. शेवटी म्हटलं, “काढून खोटो बसवया?”

“नको. खोट्या दातान सूर फुटता. आणि पुढचो दात नसललो राजा लोकांका चलता, राणी चलना नाय.”

आणि आता हा अर्धा नारळ. मी स्पिरिटचा दिवा पेटवला. गट्टापर्चा म्हणून रबरासारखी कांडी असते. ती तापवून दाताला टेकवली.

“लागता?”

“नाय.”

शेजारच्या दाताला लावली. बाबी खुर्चीतून उडाला. परत पहिल्या दाताला लावली, जरा जास्त वेळ.

“कायच नाय. बरो झालो.”

“बरो नाय झालो, बाबी. दुखत होतो तोवर नस जिती होती. ती मेली.”

त्याने आरसा मागितला. ओठ वर करून दात बघितला. “मगे आता?”

“दात ऱ्हवतलो. पण काळो पडतलो.”

“रंग लावन झाकूक जमात?”

“ओल्या दातार रंग ऱ्हवना नाय.”

मी रूट कॅनाल केलं, म्हणजे मेलेली नस काढून आतली पोकळी भरली. दात टिकला. शिमग्यापर्यंत जांभळासारखा झाला.

पुढच्या हंगामात आमच्या देवळाच्या जत्रेला गेलो. राणीच्या कामाला दुसराच होता. त्याआधी संकासुर आला, तोंडभर काळं कापड ओढून लोकांना हसवणारा राक्षस. आवाज बाबीचा. माणसं पोट धरधरून हसत होती. मला भडभडून आलं.

शेजारची म्हातारी म्हणाली, “डॉक्टरानू, तुमका हसूक येना नाय काय?”

“दात दुखता माझो,” मी म्हटलं.

बाबी पुन्हा कधी राणी झाला नाही. माझ्यावर रागावलाही नाही, दर जत्रेला अर्धा नारळ पाठवायचा. पेशंट “अजून दुखतंय” म्हणाला तर मी घाबरत नाही. “आपोआप थांबलं” म्हणाला, की आधी स्पिरिटचा दिवा पेटवतो.